गावाच्या कडेला

दौंड म्हटलं की बहुतेकांना रेल्वेचं जंक्शन आठवतं. मनमाडकडे जाणारी गाडी, रात्रीचा प्लॅटफॉर्म, चहा. शिरूर म्हटलं की नगर रस्ता, रांजणगावचा गणपती आणि अलीकडे तिथली एमआयडीसी. जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदी म्हणतात. हे दोन तालुके कलेसाठी प्रसिद्ध आहेत असं कोणी म्हणणार नाही. पर्जन्यछायेतला कोरडा पट्टा, बाजरी-ज्वारीचा मुलूख, आणि कालवा पोचला तिथे ऊस.

तरीही कला आणि समाज एकमेकांना कसे घडवतात, असा प्रश्न पडला की मला अजिंठा-वेरूळपेक्षा हाच भाग जास्त जवळचा वाटतो. अजिंठ्यामागे राजे होते, मंत्री होते, श्रीमंत दाते होते. इथे आहेत ती शेतं, ओढे, फाटे, आठवड्याचे बाजार आणि गावच्या जत्रा. इथली कला साध्या माणसांच्या गरजेतून आलेली आहे, त्यामुळे तिच्यामागचा समाज लपत नाही. मला याबाबतीत तीन ठिकाणं महत्त्वाची वाटतात: इनामगाव, पाबळ आणि चौफुला. पहिलं तीन हजार वर्षांपूर्वीचं, दुसरं पेशवाईतलं, तिसरं आजचं. या तिन्हींना जोडणारं काहीतरी आहे असं बरेच दिवस डोक्यात घोळतंय, ते आज लिहून काढते.

सुरुवात इनामगावपासून. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यातली मुख्य नावं. त्याचा मोठा अहवाल १९८८ साली आला. एवढ्या विस्ताराने खणलेली ताम्रपाषाणयुगीन खेडी आपल्याकडे फार थोडी आहेत. इ.स.पू. १६०० च्या सुमारास इथे वस्ती झाली आणि ७०० च्या सुमारास ती उठली. म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षं माणसं एकाच जागी नांदली! आपल्यापैकी किती जणांची घराणी गेली दोनशे वर्षं तरी एका जागी आहेत?

ही शेतकरी माणसं होती. सातू पिकवायची, गुरं पाळायची. भरभराटीच्या काळात, म्हणजे इ.स.पू. १४०० ते १००० मध्ये, त्यांची घरं चौकोनी आणि प्रशस्त होती. नदीच्या पुराचं पाणी वळवून घेण्यासाठी त्यांनी चारी खणली आणि तिला बांध घातला. पाच खोल्यांचं एक मोठं घर सापडलं, त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. ते गावच्या प्रमुखाचं असावं असं उत्खनन करणाऱ्यांनी मानलं. आणि याच काळातली त्यांची भांडी पाहण्यासारखी आहेत. चाकावर घडवलेली, चांगली भाजलेली, लालसर नारिंगी अंगाची, त्यावर काळ्या रंगाने काढलेल्या रेघा, त्रिकोण, जाळ्या. तोटीची भांडी तर फारच देखणी. या प्रकाराला जोर्वे म्हणतात, संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून.

आता यातली मला अडवणारी गोष्ट. ही भांडी करणारा कुंभार कुठे राहत होता? उत्खननात घरं मोठ्या संख्येने उघडी झाली, सव्वाशेच्याही वर, त्यामुळे कोण कुठे राहत होतं याचा अंदाज बांधता आला. सधन शेतकऱ्यांची घरं वस्तीच्या मध्यभागी होती. कुंभार, सोनार, मणी करणारा, हस्तिदंत कोरणारा, या सगळ्यांची घरं पश्चिमेच्या कडेला.

याला लगेच जात म्हणणं घाईचं होईल. कुंभाराला भट्टी लावायची, राख टाकायची, माती साठवायची, तर मोकळी जागा हवीच. पण मणी करणाऱ्याला किंवा हस्तिदंत कोरणाऱ्याला काय करायची होती मोकळी जागा? त्याचं काम तर मांडीवर मावतं. म्हणजे जागेच्या सोयीपलीकडे आणखी काही असावं. मध्यभाग ज्याच्याकडे धान्य आहे त्याचा, आणि ज्याच्या हातात कसब आहे तो कडेला, अशी काहीतरी वाटणी तेव्हाच सुरू झाली होती असं मला वाटतं.

गंमत अशी की कडेला राहणाऱ्या या माणसाचं काम मात्र प्रत्येकाच्या घरात, अगदी जमिनीखालीही होतं. इनामगावात दफनं मोठ्या संख्येने सापडली, त्यातली बहुतेक लहान मुलांची. मूल गेलं की दोन मोठी मडकी घ्यायची, मूल आत ठेवायचं, मडकी आडवी करून तोंडाला तोंड लावायची आणि घराच्याच जमिनीत खड्डा करून पुरायची. वर सारवायचं आणि संसार पुढे चालू. मोठ्या माणसांना खड्ड्यात उताणं ठेवायचे, पण पावलं घोट्यापासून तोडून. का तोडायचे? भूत होऊन चालू लागू नये म्हणून असेल, किंवा घर सोडून जाऊ नये म्हणूनही असेल. मला दुसरं कारण जास्त मानवी वाटतं.

एक दफन मात्र निराळं. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा एक मोठा मातीचा रांजण निघाला. त्याचा आकार पोटासारखा फुगीर. आत चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष बसलेल्या अवस्थेत, आणि त्याची पावलं शाबूत! सोबत ठेवलेल्या भांड्यावर वल्ह्यांची नाव रंगवलेली. गावात इतरांना जो नियम, तो या माणसाला नाही. तो मोठा माणूस होता हे आपल्याला आज कशावरून कळतं? त्या रांजणावरून. आणि त्याच्या गावकऱ्यांनाही ते तसंच कळलं असणार. एरवी मेलेला माणूस आणि मेलेला प्रमुख यात फरक तो काय? तो फरक कुंभाराने मातीत घडवला. समाज कलेला घडवतो हे आपण नेहमी म्हणतो, पण कला समाजाची उतरंड घडवते ती अशी. उतरंड हा शब्दही बघा, मडक्यांचाच!

इनामगावची सर्वांत प्रसिद्ध वस्तू मात्र सुबक नाही. इ.स.पू. १३०० च्या सुमाराच्या एका घरात जमिनीखाली मातीची लांबट गोल डबी पुरलेली सापडली. झाकण लावलेली. आत एक स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती, तिला डोकं नाही, आणि एक बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीवरही भोक. मधे काडी घातली की देवी बैलावर उभी राहते. सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं.

ज्या गावात एवढी उत्तम भट्टी लावता येत होती तिथे देवी कच्ची का ठेवली असेल? उत्तर आपल्याच घरात आहे. गणपती, हरतालिका, पोळ्याचे मातीचे बैल, हे आपण टिकावेत म्हणून करत नाही. काम झालं की पाण्यात किंवा मातीत परत. ती मूर्ती पाहण्यासाठी नसते, तिच्याकडून काहीतरी करून घ्यायचं असतं. ज्या घरांच्या जमिनीखाली एवढी मुलं निजली होती, तिथल्या बाईने त्या देवीकडे काय मागितलं असेल हे ओळखायला पुरातत्त्वज्ञ लागत नाही. आपणही पाचवीला सटवाई पुजतोच. तीन हजार वर्षं तीच देवी चालत आली असं मी म्हणणार नाही, मधे फार मोठी पोकळी आहे. पण बिनडोक्याच्या मातृदेवतेचा माग रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) मध्ये काढला आहे. तो वाचल्यावर इनामगावच्या डबीकडे पाहण्याची नजर बदलते.

पुढे इ.स.पू. १००० नंतर दिवस पालटले. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढली. पाऊस कमी झाला असं उत्खनन करणाऱ्यांचं मत होतं. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इथल्या मुलांच्या हाडांचा अभ्यास करून २०११ साली पुस्तक लिहिलं, आणि पाऊस गेला म्हणून गाव मोडलं एवढी सरळ ही गोष्ट नाही, असं त्या सांगतात. कारण काहीही असो, ओढाताण झाली हे खरं. आणि या ओढाताणीत भांडी जाडीभरडी झाली, त्यांच्यावरची नक्षी कमी झाली. पण मुलांसाठी मडकी पुरणं थांबलं नाही. पोटाला कमी पडलं तेव्हा रेघा गेल्या, मडकं राहिलं. कलेतला कुठला भाग समाज आधी सोडतो आणि कुठला शेवटपर्यंत धरून ठेवतो, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आता एकदम अडीच हजार वर्षांची उडी मारून याच तालुक्याच्या पश्चिमेला पाबळला जाऊ. पाबळला मस्तानीची कबर आहे. बाजीरावांनी तिला पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं इनाम दिली होती. १७४० साली बाजीराव गेले आणि पाठोपाठ तीही. तिचा मुलगा समशेरबहाद्दर १७६१ मध्ये पानिपतावर लढून गेला. ती छत्रसालाची मुलगी की दरबारातली नर्तकी, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तो वाद इथे नको. मला एवढंच दिसतं की ज्यांना ती नको होती त्यांनी तिच्यासाठी एकच शब्द पुरेसा मानला: कलावंतीण.

हा शब्द जरा उच्चारून बघा. कलावंत म्हटलं की मान आहे, सत्कार आहे, शाल-श्रीफळ आहे. त्याचंच स्त्रीलिंग केलं की शिवी होते. शिक्षकाची शिक्षिका झाली, लेखकाची लेखिका झाली, तिथे असं काही होत नाही. एका प्रत्ययाने माणूस मध्यभागातून उचलून कडेला नेऊन ठेवता येतो. म्हणूनच आज आपण कोणा बाईचा गौरव करताना तिलाही कलावंतच म्हणतो, ‘कलावंतीण’ म्हणायला जीभ रेटत नाही. समाजाने एक शब्द नासवला आणि मग त्याच शब्दाने माणसं ओळखायला सुरुवात केली.

तिसरं ठिकाण चौफुला. दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर, केडगावजवळ. शिरूरकडून न्हावरा मार्गे येणारा आणि पुढे सुप्याकडे जाणारा रस्ता इथे हमरस्त्याला छेदतो, म्हणून चौफुला. लावणीच्या कलाकेंद्रांसाठी हे नाव महाराष्ट्रभर माहीत आहे. तमाशाचे दोन प्रकार. एक ढोलकी फडाचा, तो गावोगावच्या जत्रांतून फिरतो. वर जुन्नर तालुक्यात नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या देतात. दुसरा संगीत बारीचा. तो कलाकेंद्रात, पेटी-तबला-ढोलकीच्या साथीने चालतो. एकेका पार्टीची पाळी म्हणजे बारी. लोक बसतात, फर्माईश करतात, दौलतजादा देतात.

इथेही पाण्याचा आणि कलेचा संबंध आहेच. इनामगावच्या चारीने जे केलं ते दौंडमध्ये खडकवासल्याच्या कालव्याने केलं. पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले, हातात पैसा खुळखुळू लागला. हमरस्त्यावरून माणसांची ये-जा होतीच. बारी चालते ती अशा पैशावर. आणि कलाकेंद्र कुठे? गावात नाही. फाट्यावर. पुन्हा कडेला.

या कलेने तिच्या माणसांचं कुटुंब कसं वळवलं ते पाहण्यासारखं आहे. सगळे कलावंत एका जातीचे नाहीत, पण संगीत बारीत कोल्हाटी समाजातल्या स्त्रिया पूर्वीपासून मोठ्या संख्येने आहेत. जिने पायात चाळ बांधले तिने लग्न करायचं नाही, असा तिथला जुना रिवाज. ती मिळवती, घर तिच्यावर. भाऊ, भाचे, म्हातारे आईवडील, सगळे तिच्या जिवावर. मुलांच्या नावापुढे आईचं नाव. डॉक्टर झालेल्या किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) मध्ये हे आतून लिहिलं आहे. स्वतःच्या नावात आईचं नाव ठेवून. नात्यांचा अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञाला इथे खूप काही सापडेल: बाहेरच्या पुरुषी समाजाची मागणी आहे म्हणून आत एक उलटं कुटुंब तयार झालं, जिथे बाईच कर्ती आहे, पण तिची मालकी स्वतःवर नाही. कुटुंबाने कला निवडली की कलेने कुटुंब घडवलं, हे सांगणं अवघड आहे.

उलट दिशाही विसरून चालणार नाही. याच तमाशाचा साज उचलून सत्यशोधकांनी जलसे केले, पुढे आंबेडकरी जलसे झाले. ज्या ढोलकीने रात्र रंगवायची तिनेच जातीविरुद्ध, सावकाराविरुद्ध गावं जागी केली. कडेला ठेवलेल्या माणसांना गावाच्या मध्यभागी उभं राहून बोलायची एकच जागा होती, ती म्हणजे तमाशाचा बोर्ड. तिथून ते बोलले आणि गावाला ऐकावं लागलं.

चौफुल्याच्या शेजारी केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६ नंतरच्या दुष्काळांत त्यांनी शेकडो मुलींना, बायकांना इथे आसरा दिला. छापखाना काढला, बायकांच्या हातात खिळे जुळवायचं काम दिलं. १९२२ साली त्या केडगावलाच गेल्या. या रमाबाई मुळात कोण? गावोगाव हिंडून लोकांसमोर पुराण सांगणाऱ्या शास्त्र्याची मुलगी, आणि स्वतःही तेच करणारी. चारचौघांत उभं राहून आवाजाच्या जोरावर पोट भरणारी बाई! १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ म्हटलं. तिच्यासारखीच लोकांसमोर उभी राहणारी दुसरी बाई कलावंतीण. दोघींचा फरक आवाजात नव्हता, कसबात नव्हता. एक कुठल्या घरातली आणि समोर कोण बसलंय, एवढ्यावर शब्द बदलला. अर्थात रमाबाईंनाही पुढे धर्म बदलल्यावर आपल्या समाजाने कडेलाच ठेवलं. केडगाव आणि चौफुला ही दोन नावं आपण एका दमात घेतो, केडगाव-चौफुला, पण त्यांचा असा एकत्र विचार करत नाही.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर घरचंच उदाहरण देते. नातेवाईकही वाचतात, त्यामुळे कोण ते त्यांना कळेलच, रागावू नये. आपल्याकडच्या एका कार्यात घरातल्या एका मुलीने लावणी केली. क्लासमध्ये शिकलेली, नऊवारी नेसून, सुरेख केली. टाळ्या पडल्या, मोबाईल वर आले. आणि टाळ्या थांबायच्या आत कोणीतरी म्हणालं, “काय, चौफुल्याला पाठवायची का हिला?” सगळे हसले. मुलगीही हसली, पण पुढच्या कार्याला नाच म्हटल्यावर ती उठली नाही. त्या वाक्यात वाईट हेतू नव्हता हे मला माहीत आहे. पण आपल्याला लावणी हवी, आणि जिच्याकडून ती आली ती बाई हसण्यापुरती हवी, हेही त्यात आलं. इनामगावच्या शेतकऱ्याला रंगवलेली तोटी हवी होती, कुंभार मात्र पश्चिमेला.

एक गोष्ट शेवटी सांगते. तमाशातल्या कलावंतांची आडनावं आठवा. नारायणगावकर, वाईकर, हिवरगावकर, नगरकर, इंदुरीकर. विठाबाई भाऊ मांग म्हणून जन्मलेली बाई विठाबाई नारायणगावकर झाली. २००२ साली त्या गेल्या. हलाखीत गेल्या, आणि नंतर राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. ज्यांना गावाने कडेला ठेवलं त्यांनीच गावाचं नाव आडनाव म्हणून घेतलं आणि ते महाराष्ट्रभर नेलं. गावातल्या पाटील-देशमुखांना आपल्या गावाचं नाव एवढं लांब नेता आलेलं नाही.

जोर्वे हे नाव तरी आज कोणामुळे माहीत आहे? तिथल्या कुठल्या प्रमुखामुळे नाही. भांड्यांमुळे. माणूस कडेला ठेवता येतो, त्याचं काम ठेवता येत नाही, ते मध्यभागी येऊन बसतंच. मग माणसालाच तिथे ठेवण्यात आपण काय मिळवतो, हा प्रश्न मला सुटलेला नाही. तुमच्या गावाकडे असं काही असेल तर जरूर सांगा. आणि ती मुलगी पुन्हा नाचायला उठली तर त्या वेळी फक्त टाळ्या वाजवू या.